सुरतहून स्वस्तात आणलेली गाडी : सेलरला २ स्टार, एजंटला ४

आमच्याकडे सगळ्यांना माहितीये की गुजरातमध्ये सेकंड हँड गाड्या स्वस्त मिळतात. त्याचं एक कारण रोड टॅक्स. तिकडे नव्या खाजगी गाडीला ६ टक्के टॅक्स आणि आपल्याकडे महाराष्ट्रात पेट्रोलला ११ पासून, डिझेलला १३ पासून सुरू. त्यात उधन्याला मेहुणा राहतो म्हणून मी पण मोहात पडलो आणि २०१८ची डिझेल गाडी, जीजे ०५ पासिंग, ५ लाख ६० हजाराला घेऊन टाकली.

आधी सेलरबद्दल. गाडी चांगली होती, त्यात खोट काढत नाही. एसी कडक, टायर ठीक, नवापूर-साक्री-धुळे करत जळगावपर्यंत एकदाही कुरकुर नाही. पण मी तीनदा विचारलं होतं की महाराष्ट्रात टॅक्स किती लागेल, आणि तो तीनदा म्हणाला, तुम्ही जितक्याला घेतली तितक्यावर लागेल साहेब, थोडाच येतो. मी मनात साडेपाच लाखाचा हिशोब मांडून खुश.

मग इकडे एका आरटीओ एजंटकडे गेलो. टेबलावर चहाचा कप, त्याखाली फाइल, फाइलवर कपाचा गोल डाग. त्याने आरसी बघितली आणि मला म्हणे, "भाऊ, तू कितलामा लिधी त्यानं सरकारले काय घेणंदेणं? गाडी नवी व्हती तवय कितलानी व्हती ते सांग." इथेच माझा चेहरा पडला.

तर भानगड अशी आहे. दुसऱ्या राज्यातून गाडी आणून इथला नंबर घ्यायचा म्हटलं की हिशोब सुरू होतो गाडीच्या मूळ किमतीपासून, म्हणजे नवी असतानाच्या बिलापासून. त्या किमतीवर इथल्या दराने टॅक्स काढतात आणि मग गाडीच्या वयाप्रमाणे त्यातून कमी करतात. तुम्ही भाव करून घासाघीस करून कितीला घेतली ते कुठेच येत नाही.

आता ते मूळ बिल शोधणं आलं. सेलरकडे नव्हतं, मेहुण्याने पहिल्या मालकाला गाठून फोटो पाठवला. बिलावर किंमत १० लाख ४० हजार. आणि गंमत बघा, त्या माणसाने शोरूमवाल्याकडून ५० हजार डिस्काउंट घेतलेला पण तो एक्सचेंज बोनस म्हणून वेगळ्या कागदावर, बिलावर किंमत तशीच पूर्ण. म्हणजे त्याला गाडी पडली ९ लाख ९० हजाराला, कागदावर मात्र १० च्या वर. डिझेलला १० लाखापर्यंत १३ टक्के, १० ते २० मध्ये १४ टक्के, आणि १४ टक्के फक्त वरच्या ४० हजारावर नाही हां, पूर्ण किमतीवर! मी तिथेच मोबाईलवर काढलं, १३ ने १ लाख २८ हजार ७०० झाले असते, १४ ने १ लाख ४५ हजार ६००. एका परक्या माणसाने सात वर्षांपूर्वी घेतलेल्या डिस्काउंटची मजा त्याने केली आणि स्लॅब माझ्या गळ्यात आला. वयाची कपात मिळाली ते खरं, पण तरीही जे भरलं त्यात शेतात एकरभर ठिबक झालं असतं, बायकोने हे ऐकवून पण झालं.

एजंटला ४ स्टार एवढ्यासाठी की त्याने खोटं सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी कागदावर आकडा लिहून दिला आणि स्वतःची फी वेगळी लिहिली, टॅक्सच्या आकड्यात घुसवली नाही. सुरतच्या आरटीओकडून एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आली आहे का, त्या गाडीवर बँकेचं कर्ज दिसतंय का, हे आधी ऑनलाइन बघायला लावलं. एक स्टार कापला कारण दोनदा बोलावून स्वतः जागेवर नव्हता आणि मी भुसावळहून येतो, रिकामा नाही बसलेलो.

नवी घेणाऱ्यांनी पण ऐका, किंमत १० च्या आसपास असली तर नुसतं व्हेरिएंट नका बघू. पेट्रोलमध्ये ९ लाख ९५ हजाराला टॅक्स १ लाख ९ हजार ४५०, आणि १० लाख ५ हजाराला १ लाख २० हजार ६००. दहा हजाराच्या फरकाला अकरा हजार टॅक्स जास्त, ते अलॉय व्हील नाही लागले तरी चालतील. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला तेव्हा रोड टॅक्सपण आपोआप खाली आला, कारण तो जीएसटी धरूनच्या किमतीवर लागतो.

आता एमएच १९ ची प्लेट लागली. राहिला गुजरातमध्ये भरलेल्या टॅक्सचा परतावा, त्याचा अर्ज तिकडे करावा लागतो आणि सेलर म्हणाला होता मी करून देतो. फोन लावला की म्हणतो साहेब लग्नात आहे. चार महिने झाले, कोणाचं लग्न चालू आहे भो?