स्टील हार्डटेल: फ्रेम भक्कम, पण त्या सरकत्या ड्रॉपआउटने डोकं उठवलं

आधी माझ्या हार्डटेलच्या, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या माउंटन बाइकच्या, आवाजाबद्दल बोलते, कारण गेले कित्येक महिने मी दुसऱ्या कशाबद्दल बोललेलेच नाही. चढावर उभं राहून जोर लावला की टक्. उजवा पाय खाली गेला की पुन्हा टक्. उतारावर पेडल थांबवलं की गाडी एकदम साळसूद.

ज्याला विचारावं तो म्हणे, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांचा आस ज्यात फिरतो ती बेअरिंग) गेला. बदलला. थ्रेडेड असल्यामुळे काम घरीच झालं (उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, तेवढं सांभाळायचं), पण आवाज जागच्या जागी. मग पेडल काढून ग्रीस लावलं, चेनरिंगचे बोल्ट आवळले, सॅडलची क्लॅम्प खोलली, हेडसेटही (हँडलखालची बेअरिंग) सोडला नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. स्टीलची नळी आवाज कुठल्या कुठे वाहून नेते, त्यामुळे कानावर विसंबून काही हाती लागत नाही. शेवटी मागचा ब्रेक घट्ट दाबून सायकल उभ्या उभ्या पुढेमागे रेटली आणि दुसऱ्या हाताचं बोट ड्रॉपआउटच्या, म्हणजे मागच्या चाकाचा आस धरणाऱ्या भागाच्या, फटीवर ठेवलं. कानाला जे कळत नव्हतं ते बोटाला लगेच कळलं. सरकणारी पट्टी केसभर हलत होती.

फ्रेम म्हणाल तर आजकालच्या आक्रमक हार्डटेलचा ठरलेला साचा: ४१३० क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम स्टील), डबल बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ) नळ्या, २९ इंची चाकं, १४० मिमी दबणारा फोर्क, मागे बूस्ट १४८ (मागच्या हबची मिमीतली रुंदी), हेड अँगल (पुढच्या फोर्कचा जमिनीशी कोन) ६४.५ अंश. आणि चेनस्टे (पेडलच्या आसापासून मागच्या आसापर्यंतची नळी) ४२५ ते ४४० मिमी 'हवा तसा' करता यावा म्हणून हे सरकते ड्रॉपआउट. जाहिरातीत हे वाचायला फार छान वाटतं.

पट्टी सोडवून पाहिली तर आतल्या बाजूला करडी-काळी पेस्ट झालेली. ॲल्युमिनियमची पट्टी स्टीलच्या बैठकीवर घासून घासून निघालेला भुगा ग्रीसमध्ये कालवला गेला होता. पण खरी गोम रंगात निघाली. कारखान्यात बोल्टच्या बैठकीवरही पावडर कोटिंगचा जाड थर तसाच ठेवलेला. बोल्ट आवळला की ताण रंगावर येतो, रंग हळूहळू दबतो, आणि टॉर्क रेंचने अगदी आकड्याबरहुकूम आवळलेला बोल्ट काही राइड्सनंतर ढिला पडतो. त्यात ब्रेकचा कॅलिपरही याच पट्टीवर बसवलेला. म्हणजे उजवीकडून चेनची ओढ, डावीकडून ब्रेकचा रेटा, आणि ड्रॉप मारून उतरलं की वरून दणका. हे सगळं झेलायला बाजूला दोन-दोन बोल्ट. रस्त्यावर चालवणाऱ्याला हा त्रास कदाचित कधीच होणार नाही. पण ही फ्रेम 'रॉक गार्डनसाठी' (दगडधोंड्यांच्या वाटेसाठी) म्हणून विकली जाते!

कंपनीला लिहिलं. त्यांनी व्हिडिओ मागितला, पाठवला. उत्तर आलं, 'बोल्ट योग्य टॉर्कवर आवळा.' आवळून पुन्हा लिहिलं. मग उत्तर आलं की ड्रॉपआउटच्या पट्ट्या झिजणारा भाग म्हणून धरल्या जातात, त्या वॉरंटीत बसत नाहीत. चोराच्या उलट्या बोंबा. बरं, निदान बोल्ट तरी द्या म्हटलं. तर बोल्ट सुटे मिळत नाहीत, दोन्ही पट्ट्यांसकट अख्खा संच घ्यावा लागेल. चार बोल्टांसाठी संच? मी नाही घेणार. तत्त्वाचा प्रश्न आहे, आणि पैशाचाही.

उपाय घरचाच केला. बैठकीवरचा रंग पॉलिश पेपरने खरवडून उघडं स्टील काढलं, ग्रीसचा पातळ हात फिरवला, त्याच मापाचे १०.९ ग्रेडचे बोल्ट सुट्या नट-बोल्टवाल्याकडून आणले, खाली कडक वॉशर घातले. आवाज गेला. अजूनही धुताना टॉर्क रेंच लावून बघतेच. डावीकडचा वरचा बोल्ट अधूनमधून पाव आटा मागतो. पण टक् नाही.

आता फ्रेमबद्दल, कारण ती बिचारी ह्या भांडणात मागे पडली.

नवीन असताना मी सगळ्यांना सांगत सुटले होते की स्टील म्हणजे लोण्यासारखं, बघा कसं धक्के पितं. ते मत आता राहिलेलं नाही. पंक्चरच्या भीतीने एकदा मागच्या टायरमध्ये हवा वाढवली आणि लोणी गायब, थेट लाकडी बाक. फ्रेमचा त्रिकोण उभ्या दिशेने जेमतेम वाकतो. खरा दबतो तो टायर, आणि तो कितीतरी पटीने जास्त दबतो. त्यामुळे मऊपणासाठी स्टील घेत असाल तर आधी रुंद टायर, जाड केसिंग आणि आत इन्सर्ट (फोमची कडी) टाकून बघा, फ्रेम बदलायची गरजच पडणार नाही कदाचित. इन्सर्ट नसताना माझ्या मागच्या रिमला एक चेपा आलाच आहे. हार्डटेलमध्ये मागचं चाक सगळा मार एकटं खातं.

स्टीलचा फरक कळतो तो आडव्या दिशेने. मुळं तिरकी आलेली असोत किंवा बर्ममध्ये (वळणावरच्या मातीच्या तिरप्या बांधावर) जोर देऊन दाबलेलं असो, मागचा भाग किंचित पीळ घेतो आणि चाक उडून बाजूला जाण्याऐवजी रेषेत राहतं. ताठ ॲल्युमिनियम हार्डटेलवर ह्याच जागी पाय पेडलवरून सुटायचे. ही गंमत मात्र खरी, आणि त्यासाठी ॲल्युमिनियमपेक्षा थोडं जास्त वजन ओढायला माझी तक्रार नाही.

तेव्हा महागडी नळी घ्यावी का? माझं उत्तर कंजूष माणसाचं आहे: नको. रेनॉल्ड्स ८५३ उत्तम स्टील आहे, वेल्ड करून हवेत थंड होताना सांध्याजवळ ते आणखी कणखर होतं, हे सगळं मान्य. पण ताठपणा ४१३० चा आणि ८५३ चा जवळपास सारखाच, साधारण २०५ गिगापास्कल. ताकद जास्त असल्याने नळीची भिंत पातळ करता येते, वजन वाचतं, आणि पातळ भिंतीला दगड लागला की पोचाही लवकर येतो. माझ्या टॉप ट्यूबवर हँडलबार फिरून आपटलाय, खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. आपटाआपटीच राइडिंग असेल तर साधी, जराशी जाड ४१३० बरी. वाचलेल्या पैशात चांगला फोर्क येतो, आणि तो फरक पहिल्याच उतारावर कळतो.

भूमितीबद्दल एकच सांगते. कागदावरचा हेड अँगल बघून हुरळू नका. हार्डटेलमध्ये फक्त पुढचाच भाग दबतो. फोर्क २० मिमी दबला की कोन साधारण एक अंशाने उभा होतो. १४० च्या फोर्कला वीस टक्के सॅग (नुसत्या वजनाने होणारी दबण) धरला तर माझे ६४.५ प्रत्यक्षात ६६ च्या आसपास जातात. फुल सस्पेन्शनमध्ये मागचा शॉकही बसतो, म्हणून तिथला आकडा इथे जसाच्या तसा लावू नये. आणि कोन मोकळा करायला कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा लांब फोर्क घालायचा मोह तर अजिबात नको. लांब तरफेचा सगळा जोर हेड ट्यूबमागे डाउन ट्यूबच्या सांध्यावर येतो. धुताना तिथे बोट फिरवून रंगात बारीक रेघ किंवा गंजाची लाल ओळ नाही ना, हे बघायची सवय लावून घ्या.

गंजाचा बाऊ करतात तेवढा नाही. बॉटम ब्रॅकेटखालचं भोक चिखलाने बुजू द्यायचं नाही, आणि ड्रॉपर (वरखाली होणारा सीटपोस्ट) काढला की आत अँटिरस्ट फवारायचं. बस्स.

आता पुन्हा ड्रॉपआउट. सुरुवातीला चेनस्टे सगळ्यात आखूड ठेवला होता, मॅन्युअल (पेडल न मारता पुढचं चाक हवेत) सहज उचलता यावं म्हणून. उचलता आलंही. पण तीव्र चढावर पुढचं चाक भरकटायचं आणि वेगात खडकाळ उतारावर मागचं चाक लाथा घालायचं. ४३५ वर नेला, चेनमध्ये एक जोडकडी वाढवली, आणि गाडी दोन्ही चाकांमध्ये नीट बसली. तेव्हापासून पट्टी तिथून हललेली नाही, हलणारही नाही. सिंगलस्पीडवाल्यांना चेन ताणायला ही सोय लागते, ठीक. डिरेलर (गिअर बदलणारा भाग) लावून उतार कुटणाऱ्याने आयुष्यात एकदा वापरायच्या सोयीसाठी चार बोल्टांची कायमची चाकरी का करावी? ४३५ चा फिक्स ड्रॉपआउट आणि कुठेही मिळणारा यूडीएच हँगर (डिरेलर टांगायचा प्रमाण मापाचा भाग) दिला असता तर हे सगळं लिहावंच लागलं नसतं.

परवा त्याच कंपनीची ह्या फ्रेमची नवी आवृत्ती पाहिली. ड्रॉपआउट फिक्स. कारण कुठेही दिलेलं नाही. जुन्या फ्रेमवाल्यांना मात्र बोल्ट अजून संचासकटच मिळतात.