जॉन फॉगर्टीचा ‘लेगसी’, एका रिदमवाल्याच्या कानांनी

सीडीच्या मागे वीस गाणी छापली आहेत आणि प्रत्येक गाण्याच्या नावापुढे कंसात ‘जॉन्स व्हर्जन’ असं लिहिलंय. वीसच्या वीस ठिकाणी. गाणी ऐकायच्या आधीच मला ते खटकलं आणि ऐकून झाल्यावरही खटकतंय. त्याबद्दल पुढे लिहितोच. पण आधी सरळ सांगतो, अल्बम घेण्यासारखा आहे. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचा गळा असा लागतो, ही एकच गोष्ट ऐकायला घेतलात तरी पैसे वसूल आहेत.

‘लेगसी : द क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल इयर्स’ हा अल्बम ऑगस्ट २०२५ मध्ये आला. अमेरिकी गायक-गिटारवादक जॉन फॉगर्टीने ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ या आपल्या जुन्या रॉक बँडची गाणी यात पहिल्यापासून पुन्हा रेकॉर्ड केली आहेत. सोबत त्याचे दोन मुलगे आहेत, शेन आणि टायलर. मी आधी फोनवर ऐकला, मग मुलाने सीडी मागवून दिली. घरच्या जुन्या स्टिरिओवर रात्री दार लावून नीट ऐकला तेव्हाच हे लिहायला बसलो.

मी नाशिकरोडला गिटारचे क्लास घेतो. त्याआधी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात रिदम गिटार, म्हणजे मागे ठेका धरणारी गिटार, वाजवली. क्रीडन्सची पहिली कॅसेट मिळाली ती देवळाली कॅम्पातल्या एका लष्करी साहेबांच्या मुलाकडून. तेव्हा इंग्रजी गाण्यांतलं अक्षर कळत नव्हतं, पण त्या गिटारचा ठेका कळत होता. आजही माझ्याकडे नवीन पोरगा आला की पहिलं इंग्रजी गाणं मी ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ हेच शिकवतो. चार-पाच कॉर्डचा खेळ. ध्रुवपदात सी वरून ए मायनरकडे जाताना खालचा सूर पायरी पायरीने उतरतो, तिथे मुलांची बोटं अडखळतात आणि ती जागा एकदा जमली की मुलं परत परत तेवढंच वाजवत बसतात.

हे गाणं वरवर पावसाचं. ऊन पडलंय आणि तरी पाऊस येतोय. फॉगर्टीने स्वतः सांगितलंय की ते बँडबद्दल आहे. १९७० सालची अखेर. नाव झालेलं, पैसा येतोय, जिथे जाऊ तिथे गर्दी, आणि नेमकं तेव्हाच चौघांचं एकमेकांशी बिनसलंय. सगळं मिळालं असताना कोणीच खूश नाही. गाणं बाजारात आलं आणि त्याच सुमारास थोरला भाऊ टॉम बँड सोडून गेला.

ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चौघंही कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटो गावचे. जॉन, ड्रमवाला डग क्लिफर्ड आणि बेसवाला स्टू कुक शाळेपासूनचे दोस्त, टॉम हा जॉनचा सख्खा भाऊ. या नावाने त्यांचा काळ १९६८ ते १९७२, एवढाच. पण एकट्या १९६९ सालात त्यांनी तीन अल्बम काढले, वुडस्टॉकच्या गाजलेल्या संगीत महोत्सवात वाजवलं, आणि पुढे-मागे पाच सिंगल्स, म्हणजे सुट्या गाण्यांच्या रेकॉर्ड, अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेल्या. सिंगल्सच्या त्या यादीत पहिला क्रमांक मात्र कधीच मिळाला नाही. टॉम गेल्यावर शेवटच्या अल्बमात तिघांनी समसमान गाणी लिहायची आणि गायची असं ठरलं. त्या अल्बमावर समीक्षकांनी झोड उठवली आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये बँड संपली.

खरं दुखणं करारात होतं. फँटसी रेकॉर्ड्स ही कंपनी १९६७ मध्ये सॉल झेंट्सने विकत घेतली. यश मिळालं की जुना करार बाजूला ठेवून चांगला करार करू, असा शब्द त्याने दिला होता असं जॉन सांगत आलाय. तसं झालं नाही. गाण्यांचे हक्क कंपनीकडे राहिले. त्या करारातून सुटण्यासाठी जॉनने १९८० मध्ये क्रीडन्सच्या रेकॉर्डवरची आपल्या हक्काची रॉयल्टीही सोडून दिली. आणि त्याने ही गाणी स्टेजवर गायचीच बंद केली. आपणच लिहिलेली, आपणच चाल लावलेली गाणी. सलग पंधरा वर्षांच्या आसपास. ४ जुलै १९८७ ला व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांसाठी झालेल्या कार्यक्रमात त्याने ती पुन्हा गायली, आणि तेही त्या सैनिकांच्या मानासाठी.

मधल्या काळात, १९८५ मध्ये, त्याचा ‘सेंटरफील्ड’ आला. सगळी वाद्यं स्वतःच वाजवलेली. थेट पहिल्या क्रमांकावर. गेलेला माणूस परत आला म्हणून लोकांनी डोक्यावर घेतला. त्यात दोन गाणी राग काढणारी होती. एक ‘मिस्टर ग्रीड’. दुसऱ्यात खिसे कापायला शिकवलेलं डुक्कर होतं आणि त्याचं नाव झेंट्सच्या नावाशी जुळणारं. दावा लागल्यावर नावातलं पहिलं अक्षर बदलावं लागलं. दुसरा दावा त्याहून अचाट: ‘सेंटरफील्ड’मधलं एक गाणं क्रीडन्सच्या ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल आहे, आणि त्या जुन्या गाण्याचे हक्क कंपनीचे. म्हणजे माणसाने स्वतःचीच चोरी केली, असा आरोप. १९८८ मध्ये फॉगर्टी गिटार घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यात बसला आणि दोन्ही गाणी कशी बनली ते ज्युरीला वाजवून दाखवलं. जिंकला. वकिलाच्या खर्चाचा मुद्दा पार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९४ मध्ये तिथेही निकाल त्याच्या बाजूने लागला.

तेच ‘रन थ्रू द जंगल’ या नव्या अल्बमात सातवं गाणं आहे. ते लागलं तेव्हा मी आवाज वाढवला.

आता माझं मत, आणि ते मी खूप विचार करून मांडतोय. तोंडावर गोड बोलून केसाने गळा कापणाऱ्या माणसांवर फॉगर्टीने दोन तऱ्हेची गाणी लिहिली. १९८५ ची ती रागाची गाणी आज कोणी गुणगुणत नाही. मीही नाही. त्यात एकच माणूस समोर धरून त्याला झोडपलंय, त्यामुळे ऐकणाऱ्याला आत यायला जागाच उरत नाही. भांडण त्याचं, आरोपी त्याचा, आपण नुसते उभे राहून बघायचं. ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’मध्ये मात्र कोणाचं नाव नाही, कोणाला दोष नाही. नुसता प्रश्न विचारलाय. त्या प्रश्नात मी माझी माणसं घालू शकतो.

आणि मी ती घातलीत. आमचा ऑर्केस्ट्रा पाच जणांनी उभा केला होता. सुपारी आली की इसार सगळ्यांसमोर मोजायचा, हिशेब वहीत लिहायचा, बॅनरवर पाचही नावं. लग्नसराईत निफाड, दिंडोरी, सिन्नर, गणपतीत शहरात. एके वर्षी लग्नसराईत आम्हाला कामंच आली नाहीत. मग एकाने येऊन सांगितलं की काल ओझरला तुमचा कार्यक्रम मस्त झाला. आम्ही चौघं त्या रात्री घरी होतो. पाचव्याने आमच्याच बॅनरखाली दुसरी पोरं उभी केली होती. माझ्या घरी जेवायला येणारा, माझ्या आईला आई म्हणणारा माणूस. त्याला जाब विचारायला गेलो तर चहा मागवला, पाठीवर हात ठेवला आणि ‘आपण भाऊ आहोत’ म्हणाला. तो हात मला अजून आठवतो.

म्हणून १९९५ मध्ये डग आणि स्टू यांनी क्रीडन्सशी मिळतंजुळतं नाव घेऊन वेगळी बँड काढली आणि जॉन कोर्टात गेला, हे वाचलं तेव्हा जॉन काय करत होता हे मला समजावून सांगायची गरज पडली नाही. नाव म्हणजे भाकरी असते. पण त्याच्या दोन वर्षं आधी, १९९३ मध्ये, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा सन्मान झाला तेव्हा डग आणि स्टू तिथे हजर होते आणि जॉनने त्यांना स्टेजवर घेतलं नाही. दुसरेच मोठे कलाकार बरोबर घेऊन त्याने वाजवलं. हे मला पटत नाही. टॉम तर १९९० मध्येच वारला होता. त्याने झेंट्सची बाजू घेतली होती आणि भावाभावांचं शेवटपर्यंत पुरतं जुळलं नाही.

आता परत त्या कंसाकडे येतो. ‘जॉन्स व्हर्जन’. गाणी लिहिली जॉनने, गायली जॉनने, आघाडीची गिटार जॉनची. पण जुन्या रेकॉर्ड कानाला लावून ऐका. डाव्या-उजव्या बाजूला कुठेतरी टॉमची रिदम गिटार चालू असते. एकही हरकत नाही, एकही दाखवायची जागा नाही, फक्त हात वर-खाली. आणि डगचा ड्रम जरासा रेंगाळतो, त्या रेंगाळण्यावर अख्खं गाणं झोके घेतं. ‘बॉर्न ऑन द बायू’ मध्ये एकाच कॉर्डवर केवढा वेळ काढलाय आणि तरी कंटाळा येत नाही, तो या मागच्या तिघांमुळे. नव्या रेकॉर्डिंगमध्ये तेच सूर आहेत, तीच वळणं आहेत, गिटारचा आवाजही जवळजवळ तोच पकडलाय. ठेका मात्र घड्याळासारखा पक्का झालाय. जे थोडं वाकडं होतं ते सरळ केलंय, आणि माझ्या मते तेच बिघडलंय. ‘फॉर्च्युनेट सन’मध्ये हे सगळ्यात जास्त जाणवतं. जुन्यात चौघं एकमेकांना मागे टाकायला बघत होते, नव्यात सगळे व्यवस्थित चालतात.

मात्र काही गाणी नव्यात मूळच्या तोडीची झालीत, आणि एक तर मला नवीनच जास्त आवडलं. ते म्हणजे ‘लोडाय’.

लोडाय हे कॅलिफोर्नियातलं खरं गाव. द्राक्षांचं आणि वाइनचं गाव, आपल्या नाशिकसारखंच. फॉगर्टी ते गाणं लिहिताना तिथे कधी गेलेलाही नव्हता, नाव आवडलं म्हणून घेतलं. गाण्यातला वादक नशीब काढायला निघालेला असतो आणि या गावात अडकून पडतो. घरी परतायला भाडं नाही, समोरची माणसं दारूच्या धुंदीत, वाजवतोय ते कोणाच्या कानात जात नाही. पिंपळगावकडच्या बागायतदारांच्या हळदींत मी हे सोसलंय. पंगत आमच्याकडे पाठ करून बसलेली, एक जण दर दहा मिनिटांनी येऊन तेच एक गाणं मागतोय, पावसाची भुरभुर सुरू झाली म्हणून साउंडवाला वायरी गोळा करायला लागलाय, आणि आमचा गायक डोळे मिटून असा गातोय जणू कालिदास कलामंदिर भरलंय. १९६९ मध्ये तेवीस वर्षांच्या पोराने हे गाणं गायलं तेव्हा ती कल्पना होती. शेवटच्या कडव्याला सूर चढतो आणि वादक म्हणतो की गायलेल्या प्रत्येक गाण्याचा एकेक डॉलर मिळाला असता तर किती बरं झालं असतं. ते आता ऐंशीचा गळा गातो तेव्हा त्या प्रत्येक गाण्याला वजन येतं.

‘समडे नेव्हर कम्स’ हेही असंच. बाप मुलाला ‘कधीतरी कळेल’ म्हणतो आणि निघून जातो, मग तोच मुलगा बाप होऊन तेच करतो. या वेळी मागे स्वतःचे दोन मुलगे वाजवताहेत. मुद्दाम त्या गाण्यात गिटारकडे लक्ष द्या.

या अल्बमाचं निमित्त कायद्याचं आहे, तेही सांगायला हवं. २००४ मध्ये फँटसी कॉन्कॉर्ड कंपनीकडे गेली आणि जॉनला त्याची रॉयल्टी परत सुरू झाली. जानेवारी २०२३ मध्ये त्याने गाण्यांच्या प्रकाशन हक्कांचा मोठा वाटा स्वतः विकत घेतला, पन्नासहून जास्त वर्षांनी. त्याची वुडस्टॉकवेळची रिकनबॅकर गिटार, १९७० च्या दशकात त्याने एका पोराला देऊन टाकलेली, ती त्याच्या बायकोने ज्युलीने शोधून २०१६ च्या नाताळात त्याला परत आणून दिली होती. गिटार आली, गाणी आली. एवढं सोसलेल्या माणसाने आपलं नाव वीस वेळा छापलं तर त्यामागचं कारण मला कळतं. तरी आतल्या पानावर टॉम, डग आणि स्टू यांच्याबद्दल कृतज्ञतेच्या चार ओळी मला हव्या होत्या. मूळ ठेका त्यांचा आहे, आणि नव्या वादकांना तो तसाच वाजवायला सांगितलाय.

घ्यायचा असेल तर असं करा. ज्यांनी क्रीडन्स कधीच ऐकलेलं नाही त्यांनी आधी १९७० चा ‘कॉस्मोज फॅक्टरी’ ऐकावा. कॉस्मो हे ड्रमवाल्या डगचंच टोपणनाव, आणि तालमीच्या जागेला ती पोरं फॅक्टरी म्हणायची. तो अंगात मुरला की ‘लेगसी’ घ्या, आणि एकेक गाणं जुनं-नवं असं पाठोपाठ लावा. मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर ऐकू नका, बेस पूर्ण मरतो. गिटार शिकणाऱ्यांना नवी रेकॉर्डिंग्ज जास्त उपयोगी पडतील, कारण प्रत्येक वाद्य वेगळं आणि स्वच्छ ऐकू येतं. माझ्या क्लासमध्ये मी या महिन्यापासून कॉर्ड उतरवून घ्यायला नवी आणि हात बसवायला जुनी, अशी दोन्ही लावतोय.