होलसेलिंगचा ऑनलाइन कोर्स: पुण्यात आठ महिने वापरून

दिवाळीनंतर मी रिअल इस्टेट होलसेलिंगचा एक ऑनलाइन कोर्स बारा हजार भरून घेतला. शिकवणारे अमेरिकेतले, उदाहरणंही तिकडचीच. तेव्हापासून धायरी, नऱ्हे, आंबेगाव हा सगळा पट्टा स्कूटरवरून पिंजून काढलाय. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. का, ते सविस्तर लिहिते.

तिकडची पद्धत अशी. अडचणीतल्या मालकाचं घर कमी भावात करार करून बांधून ठेवायचं आणि स्वतः विकत न घेता तो करारच रोख पैसेवाल्या गुंतवणूकदाराला द्यायचा. मधली रक्कम आपली. मालकाला सांगायचा भाव म्हणजे दुरुस्तीनंतरच्या किमतीचे 70 टक्के, वजा दुरुस्तीचा खर्च.

कोर्समधलं सगळ्यात मोलाचं म्हणजे भाव काढायला शिकवणं. जाहिरातीतला आकडा सोडा, शेजारचं घर खरोखर केवढ्याला गेलं ते बघा, हे त्यांनी पक्कं बसवलं. आपल्याकडे त्यासाठी नोंदणी विभागाचा ई-सर्च आहे. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सारांशावर, मोबदला (प्रत्यक्ष ठरलेली किंमत) आणि सरकारी बाजारभाव दोन्ही दिसतात. रोज रात्री अर्धा तास मी तेच बघते, आणि आता माझ्या पट्ट्यातल्या बऱ्याच सोसायट्यांचा भाव मला तोंडपाठ आहे.

करार दुसऱ्याला देणं मात्र इथे बसत नाही. फ्लॅटचं साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, नोंदवायचं तर मुद्रांक शुल्क पूर्ण भरावं लागतं. पुण्यात ते 7 टक्के, घर बाईच्या नावावर असेल तर 1 टक्का कमी, वर नोंदणी फी कमाल 30,000. म्हणजे 45 लाखांच्या फ्लॅटला 3 लाख 45 हजार. मधल्या माणसाने एवढे भरले तर त्याच्या हातात काय उरणार? आणि नुसत्या इसार पावतीवर, म्हणजे आगाऊ रकमेच्या पावतीवर, पुढच्या गिऱ्हाइकाकडून पैसे उचलू नका, असं वकिलांनी मला पहिल्याच भेटीत बजावलं. ते मी पाळते.

जमिनीबद्दल तर कोर्समध्ये इथल्या कामाचं काहीच नाही. मुळशीत एक मालक दहा गुंठे चांगल्या भावात द्यायला तयार होते, मी गिऱ्हाईकही शोधलं होतं. आमच्या भागातल्या एका जुन्या एजंट काकांनी सातबारा हातात घेतला आणि लगेच बोट ठेवलं: "भोगवटादार वर्ग 2. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही." घेणारा शेतकरी आहे का, हेही मी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून सातबारा, आठ अ आणि फेरफार वाचल्याशिवाय मी जागा बघायलासुद्धा जात नाही. इतर हक्कांचा रकाना तर दोनदा वाचते.

फोनवर बोलायची स्क्रिप्ट इथे निरुपयोगी. लोक दुसऱ्याच वाक्याला विचारतात, "तुम्ही एजंट का?" खरी माहिती वॉचमन, इस्त्रीवाला आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांच्याकडे.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते. नऱ्ह्यातल्या एका काकूंना मुलाच्या उपचारासाठी फ्लॅट तातडीने विकायचा होता. दुरुस्तीनंतरचा भाव 45 लाख, दुरुस्ती साधारण तीन लाखांची. सूत्राने आकडा आला साडेअठ्ठावीस लाख. कोर्सच्या भाषेत हीच उत्तम संधी. त्यांच्या स्वयंपाकघरात चहाचा कप हातात घेऊन तो आकडा मला उच्चारता आला नाही. त्यांना इंडेक्स टूचे कागद दाखवले, खरा भाव सांगितला आणि दोन टक्क्यांवर गिऱ्हाईक आणून देते म्हणाले. फ्लॅट पाच आठवड्यांत 43 लाखांना गेला. माझी पहिली कमाई तीच, आणि त्यानंतरची तीन कामं काकूंच्याच ओळखीतून आली.

नवीन प्रकल्पातले फ्लॅट विकून द्यायचे तर महारेराची (राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाची) एजंट नोंदणी लागते आणि त्यासाठी परीक्षा आहे. सध्या सकाळी तिचा अभ्यास चालू आहे.