मॉन्ट्रियलच्या हिवाळ्यात टोयोटा जीआर ८६: बाराही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

‘रिअर व्हील ड्राइव्ह आहे, हिवाळ्यात झाकून ठेवा’ हा सल्ला टोयोटा जीआर ८६ या बुटक्या स्पोर्ट्स गाडीबद्दल सर्रास दिला जातो. (रिअर व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते.) नोव्हेंबर ते एप्रिल रोज वापरल्यानंतर माझं मत वेगळं आहे. टायर योग्य असतील तर मागची चाकं अडवत नाहीत. अडवते ती गाडीची उंची. जमिनीपासून पोटापर्यंत जेमतेम १३० मिमी अंतर आहे. दहा सेंटिमीटर ताज्या बर्फातून गाडी आरामात जाते. त्याहून जास्त साचला की पुढचा बंपर बर्फ ढकलू लागतो, तो पोटाखाली दाबला जातो, गाडी त्यावर टेकते आणि चाकांवरचा भार कमी होतो. मग टायर कितीही भारी असोत, उपयोग नाही.

खरा सापळा रस्त्यावर नसून घरासमोर असतो. नगरपालिकेचा बर्फ बाजूला सारणारा नांगर गेला की ड्राइव्हवेच्या तोंडाशी घट्ट दाबलेल्या बर्फाचा बांध उरतो. त्यावरून गाडी घालायची नाही, फावड्याने फोडूनच बाहेर पडायचं. नाहीतर बंपरच्या खालचं प्लॅस्टिक आणि इंजिनाखालचं आवरण क्लिपांसकट सुटतं.

आता टायर. १८ इंची चाकांच्या गाडीला कंपनीकडून मिशलिन पायलट स्पोर्ट ४ येतात, २१५/४० मापाचे. ते शुद्ध उन्हाळी आहेत. तापमान ७ अंशांखाली गेलं की त्यांचं रबर कडक होतं आणि कडाक्याच्या थंडीत त्याला चिरा पडू शकतात. म्हणून बर्फ पडायची वाट न पाहता नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच बदलायचे. क्यूबेकमध्ये (मॉन्ट्रियल याच प्रांतात येतं) हिवाळी टायर १ डिसेंबर ते १५ मार्च कायद्याने सक्तीचे आहेत, पण पहिला बर्फ बऱ्याचदा त्याआधीच येतो. बाजूला डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर घ्या. रिमचा वेगळा संच घेतलात तर दरवर्षी टायर काढा-घालायचा त्रास आणि खर्च वाचतो. बोल्ट पॅटर्न ५×१०० (१०० मिमीच्या वर्तुळावर पाच बोल्ट), रिमचं मधलं भोक ५६.१ मिमी. माझी पसंती २०५/५५ आर १६ (२०५ मिमी रुंद, १६ इंची रिमच्या) टायरला. टायरची भिंत उंच असल्याने खड्ड्यात रिम वाचतो आणि अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो. मोठे ब्रेक बसवलेल्या गाडीला मात्र १६ इंची रिम बसत नाही, तिथे १७ इंची घ्या. मागची सीट आडवी केली की चारही चाकं आत मावतात, हे या गाडीचं मोठं सुख.

टायरमधली हवा दर ५-६ अंशांच्या घसरणीला साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरते. गरम गॅरेजमध्ये २० अंशांना भरलेली हवा उणे २० ला ७ पीएसआयने कमी भरते. हवा नेहमी बाहेरच्या थंडीतच तपासा.

चालवण्याबद्दल थोडं सविस्तर. २२८ हॉर्सपॉवर ऐकून भीती वाटते, पण टर्बो नसल्यामुळे ताकद एकदम अंगावर येत नाही. पाय जितका दाबाल तितकीच मिळते. निसरड्यावर दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत निघा. टॉर्सन डिफरन्शियल (मागच्या चाकांमधली गिअरची जोडणी) दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटतं, पण एक चाक अगदीच अधांतरी असेल तर त्याचं काही चालत नाही. रुतलात तर ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की आवर घालणारी यंत्रणा) तेवढ्यापुरतं बंद करा, नाहीतर ते इंजिनाची ताकदच कापतं. आपल्याकडे चिखलात अडकलं की रेस देऊन गाडी काढायची सवय असते, ती इथे विसरायची. चाक जागेवर फिरलं की खालचा बर्फ वितळतो, लगेच गोठतो आणि तिथे काचेसारखा थर होतो. थोडं मागे, थोडं पुढे करत गाडी झुलवा, चाकांपुढचा बर्फ उकरा.

वळणाआधी घाईने खालचा गिअर टाकू नका. इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, ती क्षणभर अडतात आणि शेपूट बाहेर येतं. खालचा गिअर टाकायचाच असेल तर आधी ॲक्सिलरेटरने आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या) जुळवून टाका. आणि सगळ्यात दगाबाज दिवस उणे २० चे नसतात, शून्याच्या आसपासचे असतात. बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो तेव्हाच पकड सर्वांत कमी मिळते. डिकीत वाळूची पोती टाकायचा सल्ला मला पटत नाही. पुढे ५३, मागे ४७ टक्के वजन आहे, तेवढं पुरतं. धडकेत मोकळी पोती धोक्याची ठरतात.

दारांना चौकट नाही, काच थेट रबरात बसते. हँडल ओढताच काच किंचित खाली उतरते, मगच दार सुटतं. गोठणाऱ्या पावसानंतर काच रबराला चिकटून बसते. तेव्हा दार ओढायचं नाही. तळहाताने काचेच्या कडेने हलके थोपटून बर्फ फोडा, मग हँडल ओढा. दार बंद करताना काच खाली उतरलेली आहे ना ते बघा, नाहीतर तिची कड पट्टीवर आदळते. हिवाळ्याआधी रबर पुसून, कोरडं करून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला तर हा त्रास बराच कमी होतो. हेडलाइट एलईडी आहेत. त्यांच्या काचेला फारशी उष्णता मिळत नाही, त्यामुळे साचलेला बर्फ आपोआप वितळत नाही. लांबच्या प्रवासात थांबून पुसावे लागतात. हँडब्रेक केबलचा आहे. ओली गाडी रात्रभर गोठणार असेल तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये उभी करा.

इंजिनाचं ०डब्ल्यू-२० (थंडीतही पातळ राहणारं) ऑइल थंडीला योग्यच आहे, पण पाण्याचा काटा वर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही. ऑइलचं तापमान वेगळं दिसतं, ते ७०-८० अंशांवर जाईपर्यंत ४००० आरपीएमच्या आत राहा. गिअरबॉक्स गार असताना दुसरा गिअर अडतो. जोर लावू नका, काही किलोमीटरमध्ये मोकळा होतो. फक्त छोट्या फेऱ्या होत असतील तर ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी मिसळत जातं, म्हणून आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास चालवा. तिथे स्टिअरिंग अचानक थरथरू लागलं तर अलाइनमेंटवर पैसे घालवण्याआधी रिमच्या आत गोठलेला बर्फ काढून बघा. बहुतेक वेळा कारण तेच असतं.

बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. बॉनेट आणि छत ॲल्युमिनियमचं असलं तरी खालचा सांगाडा पोलादी आहे. दर शरद ऋतूत तेलाचा गंजरोधक फवारा मारून घ्या, पाणी निघून जायची भोकं बुजली नाहीत ना तेही बघा. जाड डांबरी लेप टाळा, त्याच्या भेगांमागे मिठाचं पाणी अडकतं. गरम गॅरेजमध्ये उभी राहणारी गाडी बाहेरच्यापेक्षा लवकर गंजते, कारण तिथे मीठ ओलं राहतं. पारा शून्यावर आला की पोट धुवून घ्या.

मार्चअखेर खड्डे उघडे पडतात, तेव्हा उन्हाळी टायर चढवायची घाई नको. सकाळीही ७ अंशांच्या वर राहू लागलं की बदला. चाकं निघालेलीच असतात, त्याच वेळी ब्रेक कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना काढून, साफ करून ग्रीस लावून घ्या. त्या अडकल्या तर एकाच बाजूचं पॅड झिजतं. नट १२० न्यूटन-मीटरला आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.