स्कॉटिश मधल्या नावावरून पूर्वजांचा शोध : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मराठी वाचकाची पहिली चूक ठरलेली असते. 'अ‍ॅग्नेस गिलख्रिस्ट म्युअर' असं नाव दिसलं की आपण गिलख्रिस्टला बाप समजतो, कारण आपल्याकडे मधली जागा वडिलांची. एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये ती जागा बहुतेक वेळा माहेरच्या आडनावाची आहे, कधी आईच्या तर कधी आजीच्या. मधल्या नावावरून पूर्वज शोधण्याची ही पद्धत नऊ महिने वापरून हाती लागलेली सगळ्यात कामाची सवय एकच: पहिलं आणि मधलं नाव जोडून वाचा. अ‍ॅग्नेस गिलख्रिस्ट म्हणजे बहुधा एका आजीचं पूर्ण नाव. स्कॉटिश बायका लग्नानंतरही कायद्याने माहेरचं आडनाव राखत, थडग्याच्या दगडावरही तेच कोरलं जाई. त्यामुळे नातीला आजीचं नाव ठेवताना आडनावही बरोबर येई.

याला आधार आहे तो नाव ठेवण्याच्या जुन्या क्रमाचा. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला खुद्द वडिलांचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं, तिसरीला आईचं. नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची रीत आपल्याला परकी नाही, त्यामुळे हा क्रम लगेच डोक्यात बसतो. पण तो रिवाज होता, कायदा नव्हता. काही घरांत पहिला मुलगा आईच्या वडिलांच्या नावाचा असे आणि पुढचा सगळा क्रम उलटा होई.

काम चालतं ते प्रामुख्याने स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर. सूचीत शोधणं फुकट, नोंदीची प्रतिमा बघायला क्रेडिट. ३० क्रेडिटना साडेसात पौंड, नागरी नोंदणीच्या (जन्म, लग्न, मृत्यूच्या सरकारी नोंदींच्या) एका प्रतिमेला ६ क्रेडिट, म्हणजे दीड पौंड. आणि इथेच मधलं नाव पैसे वाचवतं. जन्मनोंदींच्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९२९ पासूनच दिसतं. त्याआधीच्या काळात एका गावात चार जॉन म्युअर सापडले तर सूचीवरून त्यांचे आईबाप कळत नाहीत. मधलं नाव असेल तर कोणती प्रतिमा आधी उघडायची ते ठरवता येतं.

सुरुवात जन्मनोंदीपासून करू नका, मृत्यूच्या नोंदीपासून करा. नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली आणि तेव्हापासून मृत्यूच्या नोंदीत आई आणि वडील दोघांची नावं, आईच्या माहेरच्या आडनावासकट, विचारली जातात. १७९५ मध्ये जन्मलेला माणूस १८६० मध्ये वारला असेल तर त्याच्या एका कागदावरून थेट १७९० च्या आसपासच्या जोडप्यापर्यंत पोचता येतं. माहिती कोणी दिली ते मात्र दर वेळी टिपून ठेवा. मुलाने सांगितलेलं आजीचं नाव बऱ्यापैकी भरवशाचं, जावयाचं किंवा शेजाऱ्याचं तितकं नाही. शोधातलं कोणी नेमकं १८५५ मध्ये जन्मलं, वारलं किंवा लग्न केलेलं असेल तर तो कागद सगळ्यात आधी घ्या. त्या एका वर्षाच्या जन्मनोंदीत आईबापांची वयं, जन्मगावं आणि आधीच्या मुलांची संख्याही आहे. पुढच्या वर्षी त्यातला बराच तपशील वगळला गेला.

मग सगळ्या भावंडांची यादी करा. एकच मूल धरून ही पद्धत चालत नाही, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. १८४१ पासून दर दहा वर्षांची जनगणना आहे (१८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचच्या पटीत खाली आणून लिहिलेली असतात, हे विसरू नका). मुलं जन्मक्रमाने मांडा: पहिलं नाव, मधलं नाव, जन्मतारीख, गाव. साधारण दोन वर्षांच्या अंतराने मुलं होत असताना मध्येच चार वर्षांची फट दिसली, तर तिथे एक मूल दगावलेलं असण्याची शक्यता धरा. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला परत ठेवत, त्यामुळे दोन अ‍ॅग्नेस सापडल्या तर एक नोंद चुकीची म्हणून टाकू नका. १९११ च्या जनगणनेत विवाहित बाईला किती मुलं झाली आणि किती हयात आहेत हे विचारलेलं आहे. यादी पुरी झाली का, हे पडताळायला तो रकाना फार उपयोगी.

यादी समोर आली की मधल्या नावांपैकी आईचं आडनाव वगळा. उरलेल्या आडनावांतून आजींचे उमेदवार मिळतात. आता जन्मांच्या पंचवीस-तीस वर्षं आधीच्या काळात, जुन्या पॅरिश नोंदवह्यांत (पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द), आजोबांचं आडनाव आणि उमेदवार आडनाव असं जोडपं शोधा. एकाच लग्नाच्या दोन नोंदी सापडल्या तर गोंधळू नका. वधू आणि वर वेगवेगळ्या पॅरिशचे असतील तर लग्नाची घोषणा दोन्हीकडे होई. शेवटी त्या जोडप्याच्या इतर एखाद्या मुलाची, १८५५ नंतरची मृत्यूची नोंद काढा. तिथे तीच दोन नावं आली तरच धागा पक्का समजायचा.

चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश हा ग्लासगोचा वास्तुकार सरळ उदाहरण आहे: १८६८ चा जन्म, आई मार्गारेट रेनी. पण त्याच्या वडिलांचं आडनाव 'मॅकिन्टॉश'च्या दुसऱ्या वर्तनीत येतं, म्हणून Mac, Mc सगळं तारांकन (*) वापरून शोधावं लागतं.

आता जिथे पाय घसरतो ते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल एडिंबरात १८४७ मध्ये जन्मला तेव्हा त्याला मधलं नावच नव्हतं. ग्रॅहम मिळालं अकराव्या वाढदिवसाला, घरच्या एका स्नेह्याच्या नावावरून. आई होती एलायझा सिमंड्स. म्हणजे नावात ग्रॅहम घालून बाप्तिस्म्याची नोंद शोधणारा रिकाम्या हाताने परतेल. प्रत्येक शोध एकदा मधल्या नावाशिवाय करावा तो याच कारणाने. जेम्स क्लार्क मॅक्सवेलची गोष्ट आणखी वेगळी: क्लार्क हे वडिलांच्याच घराण्याचं आडनाव, मॅक्सवेल जोडलं गेलं मिडलबीच्या जमिनीच्या वारशामुळे. आई फ्रान्सिस के हिचं आडनाव मुलाच्या नावात कुठेच नाही. जमीनदार घराण्यांत ही पद्धत जपून वापरा.

धर्मोपदेशक, डॉक्टर, जमीनदार यांची नावंही मुलांना ठेवली जात. दुसऱ्या लग्नाच्या मुलीला वारलेल्या पहिल्या बायकोचं पूर्ण नाव दिलेलं आढळतं, आणि तिथे आजी शोधत बसलात तर महिना जातो. पश्चिम स्कॉटलंडमधल्या आर्गाइल परगण्यात मधलं नाव कॅम्पबेल असेल तर त्याला पुरावा मानूच नका. तिथे ते नाव जिकडेतिकडे आहे.

लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत हे मधलं नाव फार नाजूक विषय होतो. बापाचं नाव नोंदीत यायला त्याने आईसोबत हजर राहून सही करणं लागे. सही नसली की रकाना रिकामा, पण मुलाच्या मधल्या नावात आईने बापाचं आडनाव ठेवलेलं असू शकतं. तेव्हा कर्क सेशनची (चर्चच्या स्थानिक पंचमंडळाची) इतिवृत्तं आणि नोंदीच्या समासात दुरुस्ती नोंदवहीचा उल्लेख आहे का, हे पाहा. कोर्टाने पितृत्व ठरवलं असेल तर ते तिथे सापडतं. उलटही घडतं: कामगार नेता जेम्स किअर हार्डी याचं किअर हे अविवाहित आईचं आडनाव आणि हार्डी सावत्र वडिलांचं.

नोंदच सापडत नसेल तर काळ बघा. १७८३ ते १७९४ मध्ये दर नोंदीला तीन पेन्स कर होता, गरीब घरांनी तो टाळला. १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटल्यावर बाहेर पडलेल्या फ्री चर्चच्या कुटुंबांचे बाप्तिस्मे जुन्या पॅरिश वह्यांत येईनासे झाले. आणि मधलं नाव ठेवण्याची सवयच सर्वसामान्यांत एकोणिसाव्या शतकात रुजली. १७८० च्या शेतमजुराच्या नावात ते शोधू नये, तिथे क्रम आणि साक्षीदारांची नावं एवढ्यावरच भागवावं लागतं. पहिली नावंही फसवतात: जेसी म्हणजे जॅनेट किंवा जीन, पीटर आणि पॅट्रिक एकच, डोनाल्ड कागदावर डॅनियल होतो.

मुंबई इलाख्यात वारलेल्या किंवा बाप्तिस्मा झालेल्या स्कॉट लोकांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या एन/३ मालिकेत आहेत. तिथल्या नोंदीत स्कॉटलंडमधलं गाव नसलं तरी मुलांची मधली नावं असतात. दुर्मीळ मधलं आडनाव हाती आलं की ते पॅरिश सूचीत एकट्याने शोधून पाहा. आडनाव एखाद्या परगण्यापुरतंच असेल तर गाव तिथूनच कळतं.