एनर्जी जेल रिव्ह्यू: सव्वाशेचं पाकीट, पाच रुपयांचं केळं आणि गूळपाणी

साताऱ्यात पळणाऱ्यांच्या ग्रुपवर हिल मॅरेथॉन जवळ आली की दरवर्षी एकच प्रश्न फिरायला लागतो, जेल कुठलं घेऊ. मागच्या सीझनला मी लाँग रनला वेगवेगळ्या प्रकारची जेल वापरून बघितली, शिवाय केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, गूळपाणी पण, आणि हे सगळं यवतेश्वरच्या घाटात, चढ चढताना, पावसात, त्यामुळे म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकते म्हणजे परत परत टाइप करायला नको. कुठल्या कंपनीने मला काही फुकट दिलेलं नाही. ज्या पाकिटांनी त्रास दिला त्यांची नावं मात्र घेणार नाहीये, कारण माझ्या पोटाला नाही चाललं ते तुमच्या पोटाला आरामात चालू शकतं.

तर जेल म्हणजे काय, पाकिटात भरलेली घट्ट साखर. बस. पाकीट उलटं करून बघा, माल्टोडेक्स्ट्रिन, फ्रुक्टोज, कधी ग्लुकोज, थोडं मीठ, सायट्रिक ॲसिड, फ्लेवर, काहींत कॅफिन. पुढच्या बाजूला वीज चमकतेय, डोंगर आहेत, कोणीतरी पळतंय, ते सगळं सोडून द्या आणि मागचा एकच आकडा बघा, एका पाकिटात कार्ब, म्हणजे कार्बोहायड्रेट, किती ग्रॅम. नीट बघा हं, काही लेबलवर १०० ग्रॅममागे किती ते ठळक छापलेलं असतं आणि पाकीट असतं ३०-४० ग्रॅमचं, त्यामुळे गल्लत होते. बहुतेक जेलमध्ये हा आकडा २० ते २५ च्या मध्ये कुठेतरी येतो. जीयू, एसआयएस, मॉर्टेन या जेलच्या कंपन्याच घ्या, जीयूचं छोटं पाकीट ३२ ग्रॅमचं आणि १०० कॅलरीचं, एसआयएसचं आयसोटॉनिक, म्हणजे पातळ जेल, ६० मिलीचं आणि त्यात २२ ग्रॅम कार्ब, मॉर्टेनच्या 'जेल १००' नावाच्या पाकिटात २५ ग्रॅम. म्हणजे नाव, रंग, किंमत काही असो, आत माल साधारण तेवढाच.

आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, साठी ओलांडलेले, चढावर आम्हाला मागे टाकतात. ते माझ्या कमरेच्या, जेल खोचलेल्या पट्ट्याकडे बघून म्हणाले, "अगं, एवढ्याशा पाकिटात असतं तरी काय?" मी म्हटलं, "बावीस ग्रॅम कार्ब, काका." तर म्हणे, "म्हणजे एक केळं की गं!" आणि निघून गेले पुढे. बरोबरच आहे त्यांचं. जळगावचं मध्यम आकाराचं पिकलेलं केळं घेतलं तर त्यात साधारण २५ ग्रॅम कार्ब येतात, वेलची केळी असतील तर दोन लागतील. केळं पाच रुपयाला, देशी जेल शंभर-सव्वाशेच्या आसपास, बाहेरची त्याच्या कितीतरी वर.

मग जेल घ्यायचंच कशाला, असं वाटेल. तर त्याआधी शरीरात काय चालतं ते थोडं सांगावं लागेल. आपण खातो ते भात, भाकरी, साखर, सगळं ग्लुकोज होऊन स्नायूत आणि लिव्हरमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठतं. स्नायूत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, लिव्हरमध्ये १०० च्या आसपास, एका ग्रॅमला ४ कॅलरी, म्हणजे सगळं मिळून दोन हजार कॅलरीचा साठा. चरबीचा साठा याच्या कितीतरी पट असतो, अगदी बारीक माणसाकडे सुद्धा, पण चरबीतून ऊर्जा हळू निघते आणि जोर वाढला की शरीर कार्बवरच जास्त येतं. घाटात तर दम लागलेलाच असतो. आणि हा साठा संपत आला की पाय जड, डोकं बधिर, उगाच चिडचिड, फुल मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर, पळणारे तिसाव्या किलोमीटरनंतर भिंत लागली म्हणतात ते हेच.

हे काही आत्ताचं ज्ञान नाहीये बरं का. १९२४ ला बोस्टन मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी शर्यत संपवून आलेल्यांच्या रक्तातली साखर तपासली, तर बऱ्याच जणांची खूपच खाली गेलेली, आणि ज्यांची खाली गेलेली त्यांचीच अवस्था वाईट होती. पुढच्या वर्षी काही जणांना आधीच भरपूर कार्ब खायला दिले आणि पळताना गोळ्या-कँडी दिल्या, तर साखर टिकली आणि माणसं पण धड शुद्धीत आली शेवटपर्यंत. शंभर वर्षांपूर्वी लिमलेटच्या गोळीसारख्या गोळ्यांवर काम भागलं होतं!

आता मुद्दा किती घ्यायचं. तासाभराच्या आत संपणाऱ्या पळण्याला काहीच लागत नाही, पाणी प्या आणि घरी जा. दहा किलोमीटरच्या रेसला तीन जेल पट्ट्याला लावून उभे राहणारे बघितले की मला हसू येतं. एक ते अडीच तासाच्या मेहनतीला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब, आणि त्याहून लांब असेल तर ९० पर्यंत, पण ते नुसत्या ग्लुकोजने जमत नाही कारण आतड्यातून ग्लुकोज आत घेणारी वाट तासाला साठेक ग्रॅमलाच भरते. फ्रुक्टोजची वाट वेगळी असते म्हणून दोन्ही मिसळून देतात. घाटाच्या हाफला, म्हणजे २१ किलोमीटरच्या अर्ध्या मॅरेथॉनला, मला अडीच तासाच्या आसपास लागतात, म्हणजे तासाला ४५ धरले तरी शंभरच्या वर ग्रॅम झाले, नुसत्या जेलवर करायचं तर चार-पाच पाकिटं, म्हणजे पाचशे-सहाशे रुपये एका सकाळचे. रेसला ठीक आहे हो, पण दर रविवारी कोण करणार.

आता एकेकाचं.

घट्टवालं जेल. चव म्हणाल तर व्हॅनिला, चॉकलेट वगैरे फ्लेवर पहिल्यांदा बरे लागतात पण दीड तासानंतर तोंडात तोच गोड चिकटा नको नको होतो. त्याच्यावर पाणी प्यावंच लागतं, निदान पाऊण-एक ग्लास, नाहीतर ते पोटात तसंच बसून राहतं आणि मळमळ होते. आणि पाण्याच्या जागी स्पोर्ट्स ड्रिंक पिऊ नका जेलवर, गोडावर गोड होऊन पोट ढवळतं. पाकीट फाडणं हा वेगळाच त्रास, पावसात हात ओले, कोपरा सुटत नाही, दाताने ओढावं तर अर्धं जेल गालावर. एका पाकिटाचा तुकडा असा वेगळा निघतो की तो हमखास रस्त्यावर पडतो, ही डिझाइनचीच चूक आहे.

आयसोटॉनिक. हे पातळ असतं, पाण्याशिवाय चालतं, गिळायला सोपं, मला चढावर हेच सगळ्यात बरं वाटलं. तोटा एवढाच की तेवढ्याच कार्बला पाकीट मोठं आणि जड, पट्ट्यात तीन टाकली की कमरेवर नाचायला लागतात.

हायड्रोजेल, म्हणजे मॉर्टेनसारखं. २०१९ ला व्हिएन्नात केनियाचा धावपटू एलियुड किपचोगे याने १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदात मॅरेथॉनचं अंतर कापलं तेव्हा मॉर्टेनच घेतलं होतं आणि तेव्हापासून सगळ्यांना तेच पाहिजे. याला फ्लेवर नसतो, जेलीसारखं असतं, समुद्री शेवाळापासून काढलेलं अल्जिनेट घातलेलं असतं. पोटाला हलकं वाटलं मला, नाकारत नाही. पण तेवढेच कार्ब साध्या जेलमधून घेतले तर फरक पडतो का, याचे जे स्वतंत्र अभ्यास झालेत त्यात सातत्याने काही ठळक फायदा दिसलेला नाही. आणि त्या पाकिटासोबत किपचोगेचे पाय येत नाहीत ना. एवढ्या पैशात मी महिन्याची केळी खाईन.

कॅफिनवालं. यात नीट बघून घ्या, कुठे २०-३० मिलीग्रॅम तर कुठे १०० पर्यंत असतं. उतार सुरू व्हायच्या आधी एक घेतलं की तरतरी येते हे खरं. पण ज्यांना चहानेच धडधडतं त्यांनी रेसच्या दिवशी पहिल्यांदा प्रयोग करू नये.

आता घरचं. केळं उत्तम, पण चढावर दम लागलेला असताना चावून गिळणं जमत नाही आणि पट्ट्यात ठेवलं तर घाटमाथ्यावर पोचेपर्यंत त्याचं शिकरण होतं. पोटाला जरा जड पण वाटतं. पळायच्या तासभर आधी मात्र याच्यासारखं काही नाही, फक्त ठिपके पडलेलं पिकलेलं घ्या, कच्चट असेल तर त्यातला स्टार्च पचायला त्रास देतो. खजूर मस्त, तीन-चार बिया काढून छोट्या डबीत, वीसेक ग्रॅम कार्ब होतात, दाताला चिकटतो एवढंच. राजगिऱ्याचा लाडू पळताना अजिबात नको, धापा टाकताना त्याचा भुगा घशात गेला की ठसका लागून थांबावंच लागतं. शेंगदाण्याची चिक्की मला जीव की प्राण पण त्यात दाण्याचं तेल आलं, ते पचन सावकाश करतं, ती रन संपल्यावर खायची वस्तू.

आणि गूळपाणी. उन्हातून आलेल्याला आपल्याकडे गूळपाणी द्यायचे त्यात चांगलंच शहाणपण होतं. गुळात बहुतांश सुक्रोज, म्हणजे अर्धं ग्लुकोज अर्धं फ्रुक्टोज, दोन्ही वाटा आपोआप वापरल्या जातात. अर्ध्या लिटर पाण्यात ३५ ग्रॅम गूळ, चिमूटभर मीठ, अर्धं लिंबू, गाळून घ्यायचं. हिशोब केला तर साखरेचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास येतं, बाजारातलं स्पोर्ट्स ड्रिंक पण साधारण तेवढंच असतं. खर्च पाचेक रुपये. नुसतं गुळात लोह असतं म्हणून कौतुक करत बसू नका, इथे काम साखरेचं आहे. अडचण दोनच, बाटली हातात वागवावी लागते, आणि गाळलं नाही तर तळाला खडे राहतात.

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, इलेक्ट्रालचं पाणी पिऊन "एनर्जी आली" म्हणणारे खूप आहेत. एका लिटरच्या पाकिटात ग्लुकोज असतं १३.५ ग्रॅम, म्हणजे अख्खा लिटर प्यायलात तरी पन्नास-पंचावन्न कॅलरी. ते पाणी आणि क्षार भरून काढायला आहे, इंधनाला नाही. ग्लुकॉन-डी उलट जवळपास सगळं ग्लुकोजच, ते हाफला चालतं, फक्त पातळ करा, आणि मीठ वेगळं.

खरं सांगू का, या सगळ्याच्या आधी आदल्या दिवशीचं ताट जास्त महत्त्वाचं आहे. आमच्यातले काही जण जिमच्या नादाने भात-पोळी बंद करून बसलेत आणि रविवारी जेल मागतात! आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून खूश, पण ग्लायकोजेनच्या एका ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी साठतं, साठा रिकामा झाला की ते पाणी पण जातं, काटा खाली येतो, चरबी त्यातली थोडीच. रोज पळणाऱ्याला किलोमागे ५ ते ७ ग्रॅम कार्ब लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीनशे ते सव्वाचारशे ग्रॅम, हे अंडी आणि पनीरवर होणारच नाही. फुल मॅरेथॉनवाले दीड-दोन दिवस किलोमागे १० ते १२ ग्रॅम खातात, ते साठ किलोला सहाशेच्या वर जातं आणि तेवढा भात खाऊन बघा एकदा, जेवण नको वाटेल. हाफला मी तसलं करत नाही. आदल्या रात्री वरण-भात आणि बटाट्याची भाजी. उसळ आणि कोशिंबीर मुद्दाम नाही कारण फायबर सकाळी रस्त्यात गाठतं. पहाटे उठून साबुदाण्याची खीर, किंवा केळं आणि दोन ब्रेडला जॅम. साबुदाणा खिचडी नको, दाणे आणि तूप दोन्ही जड.

हो, डायबेटिस असेल, इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, आकडे तुमच्यासाठी वेगळे येतात.

माझं सध्याचं सेटिंग असं आहे. दर रविवारच्या सरावाला गूळपाणी आणि खजूर, जेल नाही. रेसच्या आधीच्या काही लाँग रनला तेच जेल जे रेसला घेणार, कारण पोटाला पण सराव लागतो, चढावर रक्त सगळं पायाकडे गेलेलं असतं आणि पोट सहज रुसतं. रेसला दोन आयसोटॉनिक जेल, एक चढ चढताना साधारण चाळीस-पन्नास मिनिटांनी आणि दुसरं माथ्यावर वळताना, उताराला लागायच्या आधी, कारण उतारावर पोट हिंदकळतं तेव्हा काही घेणं नकोच. मधे एड स्टेशनला, म्हणजे रेसमध्ये पाणी-खाणं देतात त्या टेबलावर, जे मिळेल ते, आणि सोबत छोट्या बाटलीत गूळपाणी.

रेटिंग विचारत असाल तर आयसोटॉनिक जेलला पाचपैकी चार, घट्टवाल्याला अडीच, हायड्रोजेलला चव आणि पोटासाठी चार पण किमतीसाठी दोन. गूळपाण्याला साडेचार, अर्धा बाटलीचा कापला. ऑनलाइन घेताना अख्खा बॉक्स घेऊ नका, आधी सुटी पाकिटं मिळतात का बघा, आणि एक्सपायरी बघाच, सेलमध्ये तारीख जवळ आलेलाच माल जास्त असतो. कॉफी फ्लेवर उरलाय माझ्याकडे बऱ्यापैकी, साताऱ्यात कोणाला पाहिजे असेल तर रविवारी घाटाच्या पायथ्याला या, घेऊन जा. रिकामी पाकिटं मात्र परत खिशातच टाका, कासच्या रस्त्यावर आधीच पुरेशी पडलीत.