जँगो की एसक्यूएलअल्केमी? एकच फील्ड बदलायचं असतं तेव्हा

दोन्ही पायथनचीच, दोन्ही मुरलेली, डेटाबेसमधली रेकॉर्ड पायथनच्या ऑब्जेक्टसारखी हाताळू देणारी (जँगो तर अख्खी वेबसाइट बांधायची फ्रेमवर्क). जँगो २००५चं, एसक्यूएलअल्केमी त्याच्या पुढच्याच वर्षीचं. मॉडेल कसं लिहायचं, मायग्रेशन कसं चालवायचं हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देतो. दोन्हींवर बरंच काम केल्यावर माझ्यापुरता प्रश्न एवढाच उरला, की टेबलातून एक रेकॉर्ड उचललं, त्यातलं एक फील्ड बदललं आणि परत ठेवलं, तर मधल्या मधे नेमकं होतं काय?

नुसतं वाचायचं असेल तर जँगो सुटसुटीत. ऑब्जेक्ट हातात आला की तो तुमचा. टेम्प्लेटला द्या, दुसऱ्या फंक्शनला द्या, कुणाची आडकाठी नाही. एसक्यूएलअल्केमीत ऑब्जेक्ट सेशनला, म्हणजे डेटाबेसशी चाललेल्या संवादाला, बांधलेला असतो. कमिट झालं, म्हणजे बदल डेटाबेसात पक्के झाले, की त्यातली माहिती शिळी धरली जाते, आणि पुढच्या वेळी साधं नाव जरी वाचलं तरी सेशन गुपचूप एक सिलेक्ट क्वेरी पाठवतं. तोवर सेशन बंद झालं असेल तर डिटॅच्ड इन्स्टन्स एरर. असिंक कोडमध्ये काम करत असाल तर मिसिंग ग्रीनलेट नावाचा एरर, आणि त्याचा मजकूर वाचून नवख्या माणसाला काडीचाही बोध होत नाही. एक्स्पायर_ऑन_कमिट ही सेटिंग बंद केली की हा त्रास बराचसा जातो, पण ते आधी कुणीतरी सांगावं लागतं.

आता लिहिण्याकडे येऊ, कारण माझा काटा तिथेच हलला.

जँगोमध्ये सेव्ह म्हटलं की त्या रेकॉर्डचे झाडून सगळे कॉलम अपडेटमध्ये जातात. तुम्ही काय बदललं याची तो नोंदच ठेवत नाही. एक अक्षर दुरुस्त करायला पाटी पुसून सगळं पुन्हा लिहावं, तेही मघाच्या आठवणीवरून, तसला हा प्रकार. एरवी कळतही नाही. पण आमच्याकडे एक बॅकग्राउंड जॉब होता: प्रॉडक्ट उचलायचं, फोटो लहान करायचा, थंबनेलचा पत्ता भरायचा, सेव्ह. फोटोला काही सेकंद लागायचे. तेवढ्यात कुणी ऑर्डर दिली, स्टॉक १२चा ११ झाला, आणि मग हा जॉब येऊन १२ परत लिहून गेला. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. फोटोचं काम करणारा कोड स्टॉक बिघडवत असेल अशी शंका तरी कुणाला यावी?

उपाय आहे, नाही असं नाही. सेव्हला अपडेट_फील्ड्समध्ये फक्त थंबनेल द्यायचं. ही सोय १.५पासून आहे. पण ती दर ठिकाणी आठवणीने लिहावी लागते, आणि फॉर्म किंवा रेस्ट फ्रेमवर्कचा सीरियलायझर (एपीआयला आलेली माहिती मॉडेलमध्ये भरणारा भाग) स्वतःहून ती लिहीत नाही. पॅच रिक्वेस्टमध्ये एकच फील्ड आलं तरी आत सेव्ह अख्ख्या रेकॉर्डचंच. क्वेरीसेटचा अपडेट (ऑब्जेक्ट न उचलता थेट डेटाबेसवर चालणारा) वापरला तर नेमका कॉलम बदलतो, पण मग सिग्नल (सेव्हच्या वेळी आपोआप चालणारा कोड) वाजत नाहीत आणि ऑटो_नाऊची, म्हणजे दर सेव्हला आपोआप भरणारी, तारीखही हलत नाही.

एसक्यूएलअल्केमी प्रत्येक ॲट्रिब्यूटवर नजर ठेवून असते. थंबनेल बदललं तर अपडेटमध्ये तेवढंच जातं. आधीचीच व्हॅल्यू पुन्हा ठेवली तर अपडेट जातच नाही. काय होतं आणि काय झालं हे हिस्टरीत बघताही येतं. ऑडिट लॉग लिहिताना मला ते फार उपयोगी पडलं.

तिचीही एक खोड आहे. जेसन कॉलममधल्या डिक्शनरीत आतली एखादी की बदलली तर तिला पत्ता लागत नाही आणि बदल सेव्ह होत नाही. कॉलम म्यूटेबलडिक्टमध्ये गुंडाळावा लागतो, नाहीतर फ्लॅग_मॉडिफाइड म्हणावं लागतं. याने मलाही पिडलंय. पण इथे हरवतो तो आपलाच बदल, आणि तो टेस्टमध्ये लगेच दिसतो. जँगोत दुसऱ्याचा पुसला जातो. मला पहिला त्रास परवडतो.

एक मात्र खरं, दोन जणांनी एकाच वेळी स्टॉकच बदलला तर एसक्यूएलअल्केमी आपोआप वाचवत नाही. वजाबाकी डेटाबेसकडूनच करून घ्यावी लागते: जँगोत एफ एक्स्प्रेशन, इकडे कॉलमचं एक्स्प्रेशन. शिवाय एसक्यूएलअल्केमीत व्हर्जन_आयडी_कॉल (दर बदलाला नवा आकडा ठेवणारा कॉलम) लावला तर जुन्या प्रतीवरून लिहिणाऱ्याला स्टेल डेटा एरर मिळतो. जँगोमध्ये असं तयार काही नाही, सिलेक्ट_फॉर_अपडेटने कुलूप लावा किंवा स्वतः लिहा.

ॲडमिनची पानं पटापट हवी असतील, लिहिणारा एका वेळी एकच असेल, तर जँगो घ्या. त्या कामात त्याला तोड नाही. एकाच टेबलावर वेबसाइट, जॉब आणि बाहेरून येणारे वेबहूक असे तिघे लिहिणार असतील, तर मी तरी एसक्यूएलअल्केमीकडे जाईन, सेशनची कटकट धरून. आणि जँगो आधीच चालू असेल तर ते उपटून टाकू नका. जॉबमधल्या प्रत्येक सेव्हला अपडेट_फील्ड्स लावा, आणि त्या यादीत अपडेटेड_ॲटही घाला, नाहीतर तारीख जुनीच राहील.